द्राक्षमद्य आणि मर्यादा

वैशाखातली संध्याकाळ आहे, दिवसभर तापलेल्या भिंती अजून ऊष्मा टाकीत आहेत आणि श्रोत्यांच्या हाती पन्ह्याचे पेले आहेत. अशा वेळी मद्याविषयी बोलावयास उभे राहणे हे धाडसच होय. त्यातून ठिकाण रामदासपेठ! येथे दर चार घरांआड एका डॉक्टरांची पाटी लागते. मद्याने जर्जर झालेली यकृते रोज पाहणारे वैद्य समोरच्या रांगेत बसलेले असता एका परदेशी मद्याचे गुणवर्णन करावयाचे, म्हणजे न्यायाधीशापुढे आरोपीची वकिली करण्याजोगेच आहे. आणि येथून शेजारीच वर्धा जिल्हा लागतो. तेथे १९७४ पासून दारूबंदी आहे. सेवाग्रामच्या इतक्या जवळ हा विषय आम्ही का निवडला, असा प्रश्न कोणी विचारला तर तो अगदी रास्त ठरेल.

त्याचे उत्तर एका शब्दात देता येते. 'मर्यादा' हा शब्द आपण दोन अर्थांनी योजतो. भूमीची मर्यादा म्हणजे शीव आणि माणसाची मर्यादा म्हणजे संयम. इटलीतील कियांती नावाच्या जुन्या लाल मद्याचा इतिहास वाचताना आम्हांस असे आढळले की, या मद्याची सारी प्रतिष्ठा या दोन अर्थांवर उभी आहे. जेव्हा मर्यादा पाळली गेली तेव्हा ते थोर झाले आणि जेव्हा ओलांडली गेली तेव्हा ते हलके झाले. आपल्याकडे मद्याचा विचार एक तर सरकारी उत्पन्न म्हणून झाला, नाही तर पाप म्हणून. मर्यादा म्हणून तो फारसा झाला नाही. आज सांगावयाचे ते एवढेच.

इटलीचे मद्य आणि आपला देश यांची ओळख नवी नव्हे. ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेले 'पेरिप्लस' नावाचे टिपण उपलब्ध आहे. भडोच बंदरात कोणता माल उतरतो, याची यादी त्यात दिली असून तिच्या आरंभीच मद्य आहे, आणि त्यातही इटलीच्या मद्याला पसंती असल्याचे तो नमूद करतो. त्याच भडोचला आपल्या पैठणाहून आणि तगर म्हणजे आजच्या तेर येथून गाड्या भरभरून माल जात असे, हेही तो सांगतो. नेवासे येथील १९५४–५६ च्या उत्खननात परदेशी कुंभांची खापरे सापडली, आणि पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूला तर इटलीच्या द्राक्षमद्याचे कुंभ उतरत असत हे निश्चित झाले आहे. तेव्हा सातवाहनांच्या काळी गोदाकाठच्या एखाद्या श्रेष्ठीने इटलीचे मद्य चाखले असेल, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट कौटिलीय अर्थशास्त्रात आहे. सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षांच्या रसापासून होणाऱ्या मद्यास 'मधु' म्हटले असून ते ज्या प्रदेशातून येते त्यावरून त्याची कापिशायन आणि हारहूरक अशी नावे पडतात, असे सांगितले आहे. म्हणजे मद्याचे नाव त्याच्या भूमीवरून ठेवावे, ही कल्पना आपल्या शास्त्रकारांना ठाऊक होती. मात्र त्या सुराध्यक्षाचे मुख्य काम कर, परवाने आणि देखरेख हेच होते. भूमीचे नाव मागे पडले आणि सुराध्यक्ष तेवढा आजतागायत टिकला!

आता कियांतीकडे वळू. फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन शहरांच्या मधे टेकड्यांचा जो प्रदेश आहे, त्याचे हे नाव. जमीन खडकाळ, कोठे ठिसूळ पाटीचा दगड, कोठे चुनखडी. तेथील मुख्य द्राक्ष सांज्योवेझे. ज्युपिटर देवाचे रक्त, असा त्या नावाचा अर्थ लावण्याची प्रथा आहे. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, लोकांना ती आवडते.

या मद्याचा स्वभाव कसा, हे आपल्या षड्रसांच्या भाषेत सांगणेच सोपे जाईल. गोड म्हणून कोणी त्याच्याकडे वळेल तर निराश होईल. त्याचे दोन प्रधान रस म्हणजे आम्ल आणि कषाय. आंबटपणा पिकलेल्या करवंदासारखा, जिभेच्या कडांना जाणवणारा. आणि तुरटपणा जांभळासारखा किंवा जास्त उकळलेल्या कोऱ्या चहासारखा, हिरड्या आवळून धरणारा. हा तुरटपणा द्राक्षाच्या साली आणि बिया रसासह आंबवल्यामुळे उतरतो. लाल रंगही सालीचाच. रंग फार गडद नसतो, माणकासारखा पारदर्शक असतो, आणि वय वाढेल तशी त्याच्या कडेला विटकरी झाक येते. वास आंबट चेरीचा, वाळल्या पानांचा, किंचित मातीचा.

एका परदेशस्थ स्नेह्यांच्या घरी आम्ही हे मद्य प्रथम चाखले, तेव्हा खरे सांगावयाचे तर तोंड वाकडे केले. यजमान हसले व म्हणाले, "अहो, नुसते घोट घेऊ नका, आधी चार घास खा." त्यांनी ऑलिव्हच्या तेलात बुडवलेला पाव आणि वाटाण्याच्या जातीच्या शेंगदाण्यांची उसळ पुढे केली. टस्कनीच्या पावात मीठ घालीत नाहीत. तो आपल्या भाकरीसारखा दुसऱ्या पदार्थाला वाट करून देणारा असतो. चार घास खाल्ल्यावर तेच मद्य निराळे लागले. तुरटपणाने तेलाचा ओशटपणा धुऊन काढला, आंबटपणाने पुढच्या घासाची इच्छा जागवली. तेव्हा कळले की, हे मद्य एकटे पिण्यासाठी केलेलेच नाही. लोणचे जसे ताटाबाहेर शोभत नाही, तसे हे जेवणाबाहेर शोभत नाही. तेथल्या जुन्या घरांतून ते जेवणाबरोबर थोडे घेतात, गप्पा चालतात आणि ताटे उचलली की बाटलीला बूच लागते. या प्रकाराने घेणाऱ्याला मर्यादा कोणी शिकवावी लागत नाही. जेवणच ती घालून देते.

येथे दोन सूचना नागपूरकरांसाठी. हे मद्य खोलीच्या उष्णतामानावर घ्यावे, असे पुस्तकांत लिहितात. पण ती खोली युरोपातील दगडी घराची, सोळा ते अठरा अंशांची. आपल्या पंचेचाळीस अंशांच्या खोलीत ठेवलेले मद्य काढ्यासारखे लागेल. दुसरे असे की, सावजी रश्शाशी याची मैत्री होत नाही. तिखटाची आग मद्याने वाढते आणि तुरटपणा तिच्यात भर घालतो. दोघेही आपापल्या घरी थोर आहेत; त्यांची सोयरीक जुळवण्याचा हट्ट धरू नये.

आता इतिहास. फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यात कियांतीच्या सीमेवरून मध्ययुगात पिढ्यान्‌पिढ्या भांडण चाले. त्याची दंतकथा अशी : पहाटे कोंबडा आरवताच दोन्ही शहरांतून एकेक घोडेस्वार निघावा, आणि दोघे भेटतील तेथे शीव ठरावी. सिएनाने पांढरा कोंबडा खाऊ घालून पुष्ट केला. फ्लॉरेन्सने काळा कोंबडा उपाशी ठेवला. उपाशी कोंबडा पहाट होण्यापूर्वीच ओरडू लागला, फ्लॉरेन्सचा स्वार आधी निघाला आणि बहुतेक सारा प्रदेश फ्लॉरेन्सकडे गेला. कथा असली तरी तिच्यात मर्म आहे. मद्याच्या नावाआधी शीव येते. १९२४ साली तेथील उत्पादकांनी आपल्या मालाच्या रक्षणासाठी संघ काढला, तेव्हा खूण म्हणून त्यांनी हाच काळा कोंबडा निवडला. बाटलीच्या गळ्याशी तो आजही दिसतो.

दंतकथा सोडून कागदोपत्री पुराव्याकडे यावयाचे तर १७१६ साल महत्त्वाचे. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने त्या वर्षी एक फर्मान काढून चार मद्यप्रदेशांच्या सीमा आखून दिल्या. त्यांत कियांती हा एक. या सीमांबाहेरच्या मालाला ही नावे लावून व्यापार करण्यास बंदी झाली. नाव हे भूमीचे आहे, व्यापाऱ्याचे नव्हे, हे राजाज्ञेने सांगण्याचे जगातील हे अगदी आरंभीचे उदाहरण होय.

सीमा ठरल्या, पण मद्य कसे करावे हे ठरावयाचे होते. ते काम केले बॅरन बेत्तीनो रिकासोली याने. हा इसम दोनदा इटलीचा पंतप्रधान झाला. करारी स्वभावामुळे त्याला लोखंडी बॅरन म्हणत. ब्रोलिओ येथील आपल्या वाड्यात त्याने वर्षानुवर्षे द्राक्षांचे प्रयोग केले आणि १८७२ साली पिसा विद्यापीठातील एका प्राध्यापकाला पत्र लिहून निष्कर्ष कळवले. मद्याचा गंध आणि जोम सांज्योवेझेतून येतो; कानायोलो नावाचे दुसरे लाल द्राक्ष त्याचा कडकपणा मऊ करते; आणि माल्वाझिया हे पांढरे द्राक्ष त्याला पातळ व हलके करते. यातही त्याने विवेक केला होता. रोजच्या जेवणासाठी लवकर संपवावयाच्या मद्यात पांढरे द्राक्ष चालेल, पण मुरण्यासाठी ठेवावयाच्या मद्यात ते घालू नये, असे त्याचे मत होते.

पुढे जे घडले ते प्रत्येक परंपरेच्या अभिमान्याने लक्षात ठेवण्याजोगे आहे. रिकासोलीच्या पत्रातील 'लवकर संपवावयाच्या मद्यात' ही अट लोक विसरले आणि मिश्रण तेवढे उरले. १९३२ साली सरकारने कियांती हे नाव आसपासच्या विस्तीर्ण प्रदेशालाही बहाल केले. मूळच्या टेकड्यांना 'क्लासिको' असे निराळे विशेषण घेऊन आपली ओळख जपावी लागली. १९६७ साली नवा कायदा झाला, तेव्हा त्याने पांढऱ्या द्राक्षांचे प्रमाण दहा ते तीस टक्के असलेच पाहिजे अशी सक्ती केली. एका शहाण्या माणसाने दिलेली मुभा पुढच्यांनी शास्त्र करून टाकली! परंपरेच्या नावाने परंपरेचा घात कसा होतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित मिळेल.

या घसरणीमागे शेतीचा फेरबदलही होता, आणि विदर्भातल्या श्रोत्यांस तो चटकन उमगेल. टस्कनीत शतकानुशतके बटईची पद्धत होती. मालकाची जमीन, कुळाचे कष्ट आणि पिकाचे दोन वाटे. एकाच शेतात धान्य, ऑलिव्ह आणि द्राक्षवेल एकत्र असत. महायुद्धानंतर कुळे शहरांकडे निघून गेली, आणि १९६४ च्या कायद्याने बटईचे नवे करार बंद केले. ओस पडू लागलेल्या जमिनींवर घाईघाईने नव्या बागा लावण्यात आल्या. गुणापेक्षा भरघोस पीक देणाऱ्या वेली निवडण्यात आल्या. पेंढ्याच्या वेष्टनातली गोलमटोल बाटली जगभर गेली. पण तिच्यातले मद्य पातळ आणि आंबट झाले होते. बाटली रिकामी झाल्यावर तिच्यात मेणबत्ती लावता येते, हीच तिची उपयुक्तता लोक सांगू लागले.

मग दुरुस्ती कोणी केली? कायदा मोडणाऱ्यांनी. फ्लॉरेन्सच्या आंतिनोरी घराण्याने १९७१ च्या हंगामापासून 'तिन्यानेल्लो' नावाचे मद्य काढले. ते कियांती क्लासिको या नावाने विकण्याचे त्यांनी सोडून दिले, आणि लवकरच पांढरी द्राक्षे त्यातून पूर्णपणे वगळली. नियमाबाहेर गेल्यामुळे त्यावर 'साधे जेवणाचे मद्य' हा सर्वांत हलका शिक्का बसला. आणि तेच देशातील सर्वांत महागड्या मद्यांत गणले जाऊ लागले. अखेर कायद्यालाच वाकावे लागले. १९८४ मध्ये पांढऱ्या द्राक्षांचे प्रमाण बरेच उतरले. १९९६ मध्ये क्लासिकोत निव्वळ सांज्योवेझे वापरण्यास परवानगी मिळाली. २००६ च्या हंगामापासून तर क्लासिकोत पांढरे द्राक्ष घालण्यास बंदीच झाली. आज त्यात निदान ऐंशी टक्के सांज्योवेझे असावेच लागते. जिला आपण जुनी परंपरा म्हणतो तिचे सध्याचे रूप असे विशीतले आहे. परंपरा म्हणजे न बदललेली गोष्ट नव्हे. जी आपल्या चुका कबूल करून पुन्हा शिवेत येते ती परंपरा.

परंतु या इतिहासात एक काळे पान आहे आणि ते चुकवणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९८६ साली उत्तर इटलीत स्वस्त मद्याची तीव्रता वाढवण्यासाठी काही जणांनी त्यात मिथेनॉल मिसळले. वीसहून अधिक माणसे मेली, कित्येकांची दृष्टी गेली. ते मद्य कियांती नव्हते, पण साऱ्या देशाच्या मालावरचा विश्वास उडाला. तेथे याचा परिणाम असा झाला की तपासणी कडक झाली आणि १९९२ मध्ये मद्यांच्या नावांचा कायदाच नव्याने रचला गेला.

मिथेनॉल हा शब्द ऐकला की आपल्याला इटली आठवत नाही, मालवणी आठवते. मुंबईच्या त्या वस्तीत २०१५ च्या जून महिन्यात विषारी दारूने शंभरावर माणसे गेली. विष तेच, लोभही तोच. गरिबाच्या पेल्यात काय आहे, याची खात्री देणारा कोणी नाही, ही आपली खरी दुर्दशा होय.

ती कशी आली? इंग्रजी अमलात अबकारी हे उत्पन्नाचे खाते झाले. मोहाचे झाड हे वनवासींचे अन्न, औषध आणि पेय. पण कायद्याच्या दृष्टीने ते चुकलेल्या कराचे साधन ठरले. १८९२ च्या एका कायद्याने तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले साठवण्यावरच निर्बंध घातले. झाडाखाली पडलेले फूल वेचणारी बाई गुन्हेगार ठरली, आणि ठेकेदाराचे दुकान मात्र सनदशीर! म्हणूनच राष्ट्रीय चळवळीने दारूच्या दुकानाला परसत्तेचे ठाणे मानले. १९२० च्या डिसेंबरात याच नागपुरात काँग्रेसचे अधिवेशन झाले, आणि पुढच्या वर्षी शहरातील दारूच्या दुकानांपुढे निरोधने झाली. ते आंदोलन कोरड्या नीतीचे नव्हते, ते स्वाभिमानाचे होते. पुढे दारूबंदीचे ध्येय राज्यघटनेच्या सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदात आले. वर्ध्यामागून गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठवली गेली. या मागण्यांच्या पुढे स्त्रिया होत्या, हे विसरता येत नाही. नवऱ्याची मजुरी गुत्त्यात जाताना ज्या बाईने पाहिली, तिला कियांतीच्या सुगंधाचे व्याख्यान ऐकवणे क्रूरपणाचे होईल. तिची तक्रार खरी आहे. जिथे पेल्याभोवती जेवण नाही, घर नाही, ओळख नाही, तिथे पेला बंद करणे हीच एक मर्यादा तिच्या हाती उरते.

पण दुसरी बाजूही आपल्याच शेतकऱ्याची आहे. २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रिया धोरण जाहीर केले आणि नाशिक, सांगली, पुणे, सोलापूर या भागांत मद्याची द्राक्षे वाढू लागली. सोलापूर जिल्ह्यातील अकलूजजवळ तर सांज्योवेझेच येऊन रुजले आहे. इटलीचे सेक्ची बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजच्या मोहिते-पाटील घराण्यातील बंधू अशा तीन भावंडांच्या जोड्यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात तेथे बागा लावल्या. म्हणून कंपनीचे नावही 'फ्रातेल्ली', म्हणजे इटालियन भाषेत भाऊ. मद्य करण्यासाठी पिएरो मासी हे टस्कनीचे अनुभवी गृहस्थ आले.

त्या वेलीला येथे नवे वेळापत्रक शिकावे लागले. टस्कनीत ती हिवाळ्यात पाने झाडून झोपते आणि पीक सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरते. आपल्याकडे तिला झोप येण्याइतकी थंडी नाही. म्हणून एप्रिलात खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात, आणि घड फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतात. हे तंत्र आपल्या बागायतदाराने खाण्याच्या द्राक्षांवर आधीच पक्के केले होते. इटलीची वेल महाराष्ट्राच्या छाटणीला वश झाली, ही लहान गोष्ट नव्हे.

जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा लगेच वाद पेटला. एक पक्ष म्हणाला, शेतकऱ्याचे भले होईल. दुसरा म्हणाला, घरे बुडतील. दोन्ही पक्ष विक्रीविषयीच बोलत होते. माल कोणत्या शिवेतला, एकरी पीक किती घ्यावे, बाटलीत काय आहे याची हमी कोण देणार, आणि वेलीखाली राबणाऱ्याच्या हाती किती पडणार, हे प्रश्न कोणी फारसे विचारले नाहीत. कियांतीने तीनशे वर्षे नेमके हेच प्रश्न चघळले आहेत.

आपल्या संत्र्याची गोष्ट पाहा. ते भोसल्यांच्या काळी बाहेरून येथे आले, असे परंपरेने सांगतात. आज नागपूर हे नाव त्याला चिकटले आहे आणि भौगोलिक ओळखीची सरकारी नोंदही त्याला मिळाली आहे. परके फळ दोन शतकांत आपले झाले, कारण कोणी तरी पिढ्यान्‌पिढ्या त्याची बाग राखली. अकलूजची लाल द्राक्षे तशी आपली होतील की नाही, हे आज सांगता येत नाही. मोहाच्या फुलालाही आपली शीव, आपले नाव आणि निर्मळतेची हमी कधी मिळेल का, हेही ठाऊक नाही. पण तसे व्हावयाचे असेल तर आधी शीव आखावी लागेल आणि मग पेला भरावा लागेल. क्रम उलटला की काय होते, ते इटलीने १९८६ मध्ये पाहिले आणि आपण २०१५ मध्ये.

ज्यांनी कधी थेंबही घेतला नाही त्यांना आम्ही तो घ्या असे सुचवत नाही, आणि वर्ध्याच्या शिवेवरची पाटी आम्हांस मान्य आहे. आमचे म्हणणे इतकेच की, ती पाटी हीही एक मर्यादा आणि काळ्या कोंबड्याची खूण हीही एक मर्यादा. दोन्ही माणसांनीच आखल्या आहेत, आणि दोन्हींच्या मागे कोणाचे तरी घर राखण्याची धडपड आहे. आपापल्या घराला कोणती हवी, हे ज्याने त्याने पन्ह्याचा हा पेला संपवून शांतपणे ठरवावे.